हात सुटला की सोडला

हिरा, तुझ्या फोटोवरूनच माझं डोकं सरकलं.

बाराव्याला दांड्याच्या कोळीवाड्यात आले, तर तुझ्या भावाच्या ओटीवर पाटावर ठेवलेला फोटो ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. मोठा करून घेतलेला. खांद्यावर साडीला पिन, केस चापून बसवलेले, तोंडावर टेबलामागच्या बाईची गंभीरता. हार घालताना मी तुझ्या वहिनीला म्हटलं, "मैदानातला एखादा लावायचा ना गं."

ती म्हणाली, "शोधला ताई. कपाट पालथं घातलं. एक पण नाय."

एक पण नाही. अर्धं आयुष्य कबड्डीत घालवलेल्या बाईच्या कपाटात मैदानातला एक फोटो नाही. सापडला नाही, की तू ठेवलाच नव्हतास? आणि नव्हतास, तर का? बघ, तुला जाऊन बारा दिवस झाले होते आणि मी तुझी झडती घेत उभी होते.

तुला हे नवीन नाही. मी तुझ्यावर संशय घेते हे तुला पहिल्यापासून ठाऊक असणार. आपण दोघींनी तो शब्द कधी उच्चारला नाही, एवढंच. तू नाहूरला माझ्या घरी यायचीस, स्वयंपाकघरात पदर खोचून कोळंबी सोलायचीस, मी तुझ्या शेजारी उभी राहून खोबरं खवायचे, आणि माझ्या मनात तेच चाललेलं असायचं: हिनंच केलं. का केलं? कधी कबूल करणार?

आता पराग म्हणतो, "काकी, स्मरणिकेत महिला संघाच्या प्रकरणासोबत हिराकाकीवरसुद्धा एक लेख द्या." पराग म्हणजे आपल्या मंडळाचा आताचा सेक्रेटरी, तुझा लाडका. त्याला वाटतंय मी तुझे गोडवे गाईन. मीसुद्धा तेच ठरवून बसले होते. पण तुझ्याशी गोड बोलायची मला सवय नाही, आणि खोटं बोलले तर तू लगेच ओळखशील.

सुरुवात तरी चांगल्यापासून करते. दर्याकाठ क्रीडा मंडळाचं मैदान म्हणजे बोंबील वाळवायच्या बांबूंमागची मोकळी जागा. वाळू, त्यावर टाकलेली लाल माती, आणि अंगाला चिकटणारा तो वास. मुलं खेळायची, आपण बांबूंना टेकून बघायचो. तू कोळीवाड्यातली, मी वरच्या चाळीतली, गिरणीतून घरी बसलेल्या मालवणी बापाची पोर. एका संध्याकाळी सरावाला एक बाजू कमी पडली. दत्तूदादा, आपले सर, वैतागून म्हणाले, "या गं पोरींनो, उभ्या राहा. खेळू नका, नुसत्या उभ्या राहा." आणि तू नुसती उभी राहिली नाहीस. मंडळाचा सगळ्यात भारी चढाईपटू दम घेत तुझ्यासमोर नाचत आला आणि तू खाली वाकून त्याचा घोटा धरलास. तो तोंडावर आपटला. मग दत्तूदादा हसायला लागले. पुढच्या आठवड्यात मुलींचा संघ झाला. मंडळाच्या इतिहासात हे असंच लिहिलंय मी, तुझ्या नावानिशी. यात मी काही लपवलेलं नाही.

तू डावा कोपरा, मी तुझ्या शेजारी. तुझा उजवा हात माझ्या डाव्या हातात. चार वर्षं आपण त्या हातांनी पकडी केल्या. चढाई करणारी आत घुसली की आपण दोघी मागून वळायचो, दारासारख्या बंद व्हायचो, आणि तिला मध्यरेषेकडे परत जायला वाट उरायची नाही. तुझ्या बोटांच्या दाबावरून मला कळायचं, आता थांब, आता घे. बोलावं लागायचं नाही. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण न बोलता इतकं समजून घेणं मला पुन्हा कुणाबरोबर जमलं नाही. हे पण खरं आहे, हिरा. ते मी आधी सांगून टाकते, कारण पुढचं कडू आहे.

आपण बावीसच्या होतो. उपनगरातली ती मोठी स्पर्धा, जिंकणारा संघ पुढे राज्य स्पर्धेला जाणार. मुलुंडला अंतिम सामना, समोर एका मोठ्या ऑफिसचा संघ. त्यांच्या सगळ्या मुली पगारी, पायात एकसारखे बूट. आपल्या मंडळाच्या कमिटीतले आप्पा आधीच बोलून बसले होते, "कप आणला तर मुलींना मैदान. नाही आणला तर संध्याकाळची वेळ पोरांना. दोघांना पुरत नाही." म्हणजे त्या एका सामन्यावर आपला संघ टांगलेला होता. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, राखीव मुलींनाही माहीत होतं.

त्या आठवड्यात जे झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

सामन्याच्या चार दिवस आधी त्या ऑफिसच्या संघाचा मॅनेजर आमच्या चाळीत आला. सफारी घातलेला, गोड बोलणारा. बाबांसमोर खुर्चीवर बसून म्हणाला, "तुमच्या मुलीला आमच्याकडे घेऊ. खेळाडू म्हणून. कायम नोकरी." बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नोकरी गावता ती बरीच. पण चेडवाचा लगीन ठरला हा. तेंच्या घराक इचारल्याशिवाय आमी काय सांगतलव?"

माझं लग्न ठरलं होतं हे तुला ठाऊक होतं. नाहूरच्या होणाऱ्या सासूबाईंनी बोलण्यांच्या दिवशीच सांगितलं होतं, आता मैदानात उड्या मारणं बंद. हे मात्र मी तुला सांगितलं नव्हतं. तुला म्हटलं होतं, "बघू, समजावेन."

मी त्या माणसाला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथेच म्हणाले, "नको. मला जमणार नाही." तो हसला. म्हणाला, "आत्ता घाई करू नका. फायनलनंतर बोलू. आणि फायनलला जरा सांभाळून खेळा. दुखापत-बिखापत नको."

जरा सांभाळून खेळा. काय अर्थ घ्यायचा याचा? काळजी म्हणून बोलला असेल. किंवा सामना सोडा म्हणून सुचवत असेल. मी जिन्यात उभी राहून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, दोन्ही तऱ्हांनी. दोन्ही अर्थ बसत होते. दत्तूदादांना सांगायला हवं होतं. संघाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नोकरीचं कळलं तर सगळ्या विचारतील, नाही का म्हणालीस, आणि मग सासूबाईंचं बाहेर येईल. म्हणून गप्प बसले.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाला येताना मी बघितलं. बोंबलाच्या बांबूंपलीकडे तोच सफारीवाला. त्याच्यासमोर तू. पदरानं हात पुसत उभी होतीस आणि हसत होतीस.

मी विचारलं, "कोण गं तो?"

तू म्हणालीस, "असाच कुणीतरी. पत्ता विचारत होता."

पत्ता! हिरा, तिथपासून सुरू झालं. तू मला पत्ता म्हणालीस.

अंतिम सामन्याचं मी काय सांगू, तू तिथेच होतीस. गुण बरोबरीत. शेवटची चढाई त्यांची, आणि चढाईला मंगल, त्यांची सगळ्यात चपळ मुलगी. आपण चौघी उरलेल्या. मंगल उजव्या बाजूला खोल गेली आणि आपण दोघी डावीकडून वळलो. अगदी ठरल्यासारखं. तिची वाट बंद. ती वळली, तिनं आपल्याला बघितलं, आणि सरळ आपल्या दोघींच्या हातांवर धावून आली. मी दात आवळले. मला आठवतंय, मी दात आवळले होते. आणि हात रिकामा झाला. ती आपल्या मधून निघून गेली, जाता जाता माझ्या खांद्याला बोटं लावून. शिट्टी वाजली. एका गुणानं गेलो.

तू मातीत बसून होतीस. मी तुझ्याकडे बघत उभी. तू मान वर केलीस आणि एकच शब्द म्हणालीस.

"सुटला."

सुटला. सोडला नाही, सुटला. जसा काही हात म्हणजे दोरीला बांधलेली होडी, भरतीला आपली आपण सुटून गेली. कुणाचा सुटला, कुणी सोडला, त्यातलं काही नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही स्वतःला झाकतेय.

आप्पांनी शब्द पाळला. पुढच्या सोमवारपासून संध्याकाळची वेळ पोरांची झाली. मुलींचा संघ मोडला. कुणी दत्तूदादांकडे रडायला गेली, कुणी शिवण शिकायला लागली. माझं लग्न झालं. आणि लग्नात तू मला मेंदी लावत असताना सांगितलंस, "मला नोकरी लागली गं. मुलुंडला हरलो ना, त्यांच्याकडेच."

माझा हात तुझ्या हातात होता. मी तो तसाच राहू दिला. काय बोलणार? आणि बोलले असते तर तू विचारलं असतंस, तुला त्या माणसाचं कसं माहीत?

मग वर्षं गेली. तू ऑफिसच्या संघातून खेळलीस, देशभर फिरलीस. मी नाहूरच्या दोन खोल्यांत शिवणाचे क्लास घेतले. तू प्रत्येक दौऱ्यावरून मला काहीतरी आणायचीस. शाल, पितळी दिवा, एकदा तर लोणच्याची बरणी. मी म्हणायचे, कशाला गं. आणि मनात: हे कशाबद्दल?

एकदा मी टोचून बघितलं, आठवतं? माझी श्वेता दहा वर्षांची होती. तू पलंगावर पाय वर घेऊन बसली होतीस. मी चहा देताना म्हटलं, "तुझ्या त्या खुर्चीवर खरं तर मी बसले असते." तू चहाचा घोट घेऊन म्हणालीस, "मग घे ना. उद्यापासून तू जा. साहेब फार डोकं खातो." श्वेता हसली. तिनं विचारलं, "हिरामावशी, आई खरंच चांगली खेळायची?"

तू म्हणालीस, "तुझी आई? एकदा धरलं की सोडायची नाही." आणि माझ्याकडे बघितलंस. सरळ, डोळ्यांत.

मी चिडले होते. मला वाटलं, काय निर्लज्ज आहे ही. स्वतः सोडलं आणि वर मला ऐकवतेय. तुझं ते बघणं मी वर्षानुवर्षं तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून सांभाळून ठेवलं.

दुसरा पुरावा, तू परत सुरू केलेला मुलींचा संघ. आप्पा गेले, नवी कमिटी आली, आणि तू तुझं सगळं वजन वापरून रविवारी सकाळचं मैदान मुलींसाठी मिळवलंस. सगळा दांडा तुझं नाव घ्यायला लागला. मी एकदा बघायला आले होते. तू त्या लहान लहान मुलींना ओळीत उभं केलं होतंस आणि ओरडत होतीस, "बोटं धरायची नाहीत! बोटं सुटतात! मनगट धरा, मनगट!" मी बाजूला उभी राहून म्हटलं, तुला बरं माहीत, बोटं सुटतात ते. आणि हेही म्हटलं की ही सगळी धडपड म्हणजे प्रायश्चित्त आहे. ज्या संघाला मातीत घातलं त्यालाच आता पाणी घालतेय. तुझ्या त्या मुलींपैकी दोघी राज्याच्या संघात गेल्या तेव्हा मी पेढे वाटले, पण माझं मन काही धुतलं गेलं नाही.

तर हे असं होतं. तुझ्यावर माया होती आणि तुझ्यावर विश्वास नव्हता. दोन्ही एकाच घरात राहायची.

मग परागनं स्मरणिकेचं काढलं. मंडळाचा सगळा इतिहास एका पुस्तकात. महिला संघाचं प्रकरण माझ्याकडे, कारण म्हणे मी लिहिते बरी. मी लिहिलं, आणि मुद्दाम तुला दाखवायला आणलं. मंडळाच्या खोलीत, शटर अर्धं उघडं, तू नाकावर चष्मा ठेवून वाचत होतीस. पहिली पानं वाचताना हसलीस. दत्तूदादांचं वाचताना डोळे पुसलेस. मग थांबलीस.

"हे काय? 'शेवटच्या चढाईत डाव्या कोपऱ्याकडून साखळी सुटली.' डाव्या कोपऱ्याकडून?"

"हो."

"डावा कोपरा म्हणजे मी."

"हो."

"तू बघितलंस?"

"जाणवलं."

"जाणवलं." तू कागद मांडीवर ठेवलेस. चिडशील असं वाटलं होतं. तू चिडली नाहीस. दमल्यासारखी दिसलीस. "बरं. लिही तुला काय लिहायचं ते. पण छापायच्या आधी एकदा मला विचार."

"काय विचारू?"

"तुला माहीतय काय ते, शैले."

"आत्ता विचारते ना."

"आत्ता नको. आत्ता तू भांडायला बसलीयस. शांत झालीस की ये. मी बोंबील तळते, तू विचार. मी पण विचारेन."

मी पण विचारेन! मी रस्त्यात विचार करत राहिले, ही मला काय विचारणार? मला वाटलं, युक्ती आहे. उलट माझ्यावरच काहीतरी टाकेल. म्हणून आलेच नाही. तुझे दोन फोन आले, मी क्लास चालू आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तुझ्या भावाचा फोन आला. सकाळी मैदानावरून घरी आलीस, म्हणे, पाणी मागितलंस, आणि भिंतीला टेकून बसलीस. पाणी आणेपर्यंत संपलं होतं.

पहिली गोष्ट माझ्या मनात काय आली, सांगू? हिरा सुटली. विचारायच्या आत निसटली. मेलेल्या मैत्रिणीबद्दल हे मनात येतं म्हणजे माणूस काय झालेला असतो बघ.

आणि मग बाराव्याला मंगल भेटली.

मी तिला ओळखलं नाही. जाडसर, पांढऱ्या केसांची, गुडघ्यांनी त्रासलेली बाई घाटकोपरहून रिक्षानं आली होती. तिनंच माझा दंड धरला. "तू शैला ना? मुलुंडची?" मग मला कळलं. तुझ्याबरोबर पंचवीस-एक वर्षं एका ऑफिसात, एका संघात. आम्ही दोघी तुझ्या ओटीच्या पायरीवर बसलो. आत भजन चाललं होतं.

मंगल म्हणाली, "हिरा तुझ्याबद्दल फार बोलायची गं."

मी सावध झाले. "काय बोलायची?"

"हेच. शैलाचा हात असा, शैलाची पकड तशी. आणि त्या फायनलचं." ती हसली. "म्हणायची, शैलानं त्या दिवशी हात सोडला ते एका अर्थी बरंच झालं. जिंकलो असतो तर तिचं लग्न मोडलं असतं."

मला आधी ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "कुणी सोडला?"

"तू. म्हणजे, तीच म्हणायची तसं. रागानं नाही हां. एकदा पण रागानं नाही. म्हणायची, तिच्या सासरी खेळणं बंद होतं, ती मला कधी बोलली नाही, पण मला कळलं होतं. पोरीला खेळ संपवायचा होता आणि तिला ते सांगता आलं नाही. म्हणून हातानं सांगितलं."

आत भजनातले टाळ वाजत होते.

"तू बघितलंस का?" मी तिला विचारलं. "तूच आमच्या मधून गेलीस. कुणी सोडला ते तुला दिसलं असेल."

"मला काय दिसणार गं? मी दम धरून पळत होते. वाट दिसली, गेले."

"आणि नोकरी? तिला आमच्या सामन्याआधी विचारलं होतं तुमच्या माणसानं. मी बघितलं होतं."

"विचारलं होतं ना. तोंडावर नाही म्हणाली त्याला. म्हणाली, आमची टीम आहे. मग तुमची टीमच बंद झाली, तेव्हा आली." मंगलनं माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही दोघी कधी बोलला नाहीत काय याच्यावर?"

नाही. आम्ही कोळंबीवर बोललो, श्वेताच्या शाळेवर बोललो, गुडघ्यांच्या तेलावर बोललो. याच्यावर नाही.

घरी परतताना मी तेच केलं जे मला येतं. संशय घेतला. मंगलवर. तुझी मैत्रीण, तुझीच बाजू घेणार. तूच तिला हे भरवलं असणार, वर्षानुवर्षं, म्हणजे एक दिवस माझ्यापर्यंत पोचेल. नोकरीला नाही म्हणालीस हेही तूच सांगितलेलं. 'पत्ता' म्हणणाऱ्या बाईवर मी का विश्वास ठेवू? दोन दिवस मी अशी स्वतःला सावरत होते.

तिसऱ्या दिवशी क्लासमध्ये एका मुलीला काज करायला शिकवताना मध्येच थांबले. कारण मला ते दुसरं आठवलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, तुला तर नाहीच. मुलुंडला शिट्टी वाजली, आपण हरलो, तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं होतं? वाईट नंतर वाटलं. आधी, अगदी एक श्वासभर, वाटलं: सुटले. आता सासूबाईंना काही सांगावं लागणार नाही. राज्य स्पर्धा नाही, लग्नाच्या तारखेशी भांडण नाही, बाबांना मध्ये पडावं लागणार नाही. सुटले.

हे वाटलं होतं, हिरा. खरंच वाटलं होतं. आणि त्यानंतर लगेच मी तुझ्याकडे बघितलं होतं, आणि मनात तुझ्यावर आळ घेतला होता.

दात आवळल्याचं मला आठवतं. हात आवळल्याचं आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

आता तो तुझा शब्द मला झोपू देत नाही. 'सुटला' म्हणालीस तेव्हा तू स्वतःला झाकत नव्हतीस का? मला झाकत होतीस का? सगळ्या संघासमोर, दत्तूदादांसमोर, शैलानं सोडला असं म्हणायचं नाही म्हणून तो शब्द शोधलास का? आणि श्वेताला सांगितलंस, तुझी आई धरलं की सोडायची नाही. ते मला डिवचणं होतं, की माझ्या मुलीसमोर घेतलेली माझी बाजू? शाली, दिवे, लोणचं. मला वाटत होतं, तू माझ्याकडे माफी मागतेयस. आणि तू मला माफ करत होतीस! जे मी केलं की नाही मलाच ठाऊक नाही, ते तू केव्हाच माफ करून, पदर खोचून माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस.

मला याचा राग येतो. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी स्वतःला मोठ्या मनाची समजत होते, मैत्रिणीचा एवढा गुन्हा पोटात घालून चहा देणारी. आणि तू समोर बसून तेच समजत होतीस. दोघी एकमेकींना चहाच्या कपाआडून माफ करत होतो. एकीनं जरी तोंड उघडलं असतं, एकदा जरी जोरदार भांडलो असतो, तर कदाचित कळलं असतं की हाताला नुसता घाम होता.

किंवा कळलं नसतं. कारण अजूनही, हे लिहितानाही, माझ्या मनात एक कोपरा म्हणतोच आहे, हिरानंच सोडला. पत्त्याचं ती का खोटं बोलली? तू नाही म्हणालीस त्या माणसाला, तर मला सांगायला काय झालं होतं? मग तोच कोपरा मला विचारतो, आणि शैले, तू का नाही सांगितलंस? तुझ्यावरचा संशय मी पूर्ण मागे घेऊ शकत नाही, हिरा. घेतला, तर तो जाणार कुठे? माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतंच त्या हाताच्या टोकाला.

तू असतीस तर मी आज आले असते. भांडायलाच. तू बोंबील तळले असतेस, मी विचारलं असतं, तू पण विचारलं असतंस. मी कदाचित खोटं बोलले असते, तू ओळखलं असतंस. एवढ्या एका दुपारसाठी मी काय द्यायला तयार नाही! तुझे ते दोन फोन मी उचलले, आणि क्लास आहे म्हणाले. क्लास नव्हता. ती दुपार तू मला देऊ केली होतीस, मी घेतली नाही. यात मात्र संशयाला जागा नाही. ही चूक पूर्ण माझी.

काल मी प्रकरण पुन्हा लिहून परागकडे नेलं. मंडळाच्या खोलीत त्यानं वाचलं. तो हुशार आहे, लगेच अडला.

"काकी, आधीच्यात 'डाव्या कोपऱ्याकडून' होतं. आता नुसतं 'साखळी तुटली' आहे."

"हो."

"पण मग लोक विचारतील. कुणाकडून तुटली?"

"साखळीत दोघी होत्या."

"पण कुणीतरी एकीनं..."

"आम्हाला कळलं नाही, पराग. आम्ही विचारलं नाही एकमेकींना."

त्याला वाटलं असेल, म्हातारी रडणार. मी नाही रडले. मग त्यानं पेन काढलं. "मग असं करू या का? 'साखळी तुटली' च्या पुढे दोघींची नावं घालतो. म्हणजे कुणा एकीवर येणार नाही."

"घाल," मी म्हटलं.

तो लिहायला लागला. मी बघितलं, सवयीनं त्यानं आधी तुझं नाव लिहायला घेतलं. सगळ्या दांड्याला तुझंच नाव आधी सुचतं. 'हि' लिहून झालं होतं.

मी त्याचा हात थांबवला. म्हटलं, "ते खोड. आधी माझं घाल."